लाल चिठ्ठीच्या गव्हाला पाणी

गव्हाच्या संशोधन केंद्रात त्याला सगळे काटेमास्तर म्हणत, आणि हे नाव काही कुणी लाडाने ठेवलेलं नव्हतं. मोठ्या शेडच्या मधोमध, छताच्या कडीला एक वजनकाटा टांगलेला होता. गेली एकवीस वर्षं त्या काट्याशी मास्तरांचं जेवढं जमलं, तेवढं एकाही माणसाशी जमलं नव्हतं. माती भरलेला मीटरभर लांबीचा पाइप आकड्याला अडकवायचा, तो झुलायचा थांबेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा, वजन वाचायचं, ठरलेल्या वजनाला जेवढं कमी पडेल तेवढं पाणी मापून ओतायचं आणि वहीत लिहायचं. दुसऱ्या कुणी वजन केलं तर ते पुन्हा स्वतः करायचं. पाच ग्रॅमचा फरक निघाला की त्या माणसाला सगळ्यांदेखत सोलून काढायचं. शेडमध्ये नव्याने लागलेली एक बाई अशीच एकदा रडत घरी गेली, ती परत आलीच नाही. मास्तर म्हणाले, "रडून पाइपचं वजन बदलतं का?" आणि पुढचा पाइप आकड्याला लावला.

असा माणूस संशोधनाला सोन्यासारखा. केंद्रातल्या मॅडम मास्तरांना जपून असत. त्या गेली काही वर्षं एकाच रोगाच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. कागदोपत्री त्या रोगाला लांबलचक नाव होतं, शेडमध्ये सगळे त्याला बुडकूज म्हणत. बुरशीचा रोग. मागच्या पिकाच्या धसकटात ही बुरशी दबा धरून बसते आणि नवा गहू उगवला की त्याच्या बुडाशी शिरते. गव्हाला मुळं दोनदा फुटतात. आधी दाण्यातून बारीक मुळं येतात, त्यांच्यावर रोपाचं बालपण निभावतं. मग बुडाच्या गाठीतून जाड मुळं सुटतात आणि ती खोल जाऊन पाणी आणतात. बुरशी नेमकी त्या गाठीत ठाण मांडते. जाड मुळं मग निघतात तीच मोजकी, आखूड, तपकिरी.

आणि या रोगाची लबाडी अशी, की पाणी मिळतंय तोवर रोगी रोप निरोग्याच्या शेजारी हिरवंगार उभं राहतं. चांगल्या जाणत्यालाही ओळखू येत नाही. ओंबी बाहेर पडायच्या सुमाराला पाणी तुटलं, की आठ दिवसांत सगळं उघडं पडतं. निरोगी रोप खालून ओल ओढतं. रोग्याची ओंबी उभ्या उभ्या पांढरी पडते, आणि हातात चुरली तर भुसाच निघतो.

मॅडमना मोजायचं होतं ते हेच. तहान लागल्यावर रोगी मुळं किती खोल पोचतात, निरोगी किती. शेडमध्ये अठ्ठेचाळीस पाइप लोखंडी घोड्यांवर उभे केले होते. चोवीसांच्या गळ्यात पांढरी चिठ्ठी, ते निरोगी. चोवीसांच्या गळ्यात लाल, त्यांच्या मातीत बुरशी चढवलेले दाणे दळून मिसळले होते. ओंबी डोकावली की दोन्ही रांगांचं पाणी सारखंच तोडायचं, आणि महिन्याने पाइप उभे चिरून मुळं धुवायची.

"मास्तर, सगळा खेळ तुमच्या काट्यावर आहे," मॅडम म्हणाल्या. "पाणी जास्त झालं तर रोग लपून बसेल आणि तीन वर्षं पाण्यात जातील."

"एक थेंब जास्त होणार नाही," मास्तर म्हणाले. आणि त्यात त्यांना बढाई मारायची नव्हती. थेंब न देण्याचा सराव त्यांना घरीच रोज होत होता.

मास्तरांच्या बायकोची मूत्रपिंडं गेली होती. सोमवारी आणि गुरुवारी इस्पितळात मशीनवर रक्त धुवायचं, आणि मधल्या दिवसांत अंगात जे पाणी जाईल ते तिथेच साठायचं. पायांत, पोटात, शेवटी छातीत. डॉक्टरांनी दिवसाला सहाशे मिलिलिटर ठरवून दिलं होतं. त्यातच चहा, त्यातच दूध, त्यातच गोळ्या गिळायचे घोट. सुरुवातीला ती चोरून प्यायची. कोण पिणार नाही? पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती अंथरुणात उठून बसली ती पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखी. ओठ निळे, छातीत घरघर. त्या खेपेला वाचली. डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं.

"हृदयाला सूज आलीय. तिचे भाऊ मूत्रपिंड द्यायला तयार आहेत, ते जुळतंयही. पण या हृदयावर मी सुरी धरणार नाही. तीन महिने वजन काबूत ठेवा, सूज उतरेल, मग शस्त्रक्रिया करू. पुन्हा एकदा असं छातीत पाणी भरलं तर तिच्या भावाचं मूत्रपिंड घेऊन मी काय करू, तुम्हीच सांगा."

तीन महिने. मास्तरांच्या मनाने तो आकडा पकडला तो पकडलाच. एकवीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका काचेच्या बाटलीवर रंगाने रेघा ओढल्या. सकाळी आठची रेघ, अकराची, दोनची, पाचची. कामाला जाताना ते दाराबाहेरची पाण्याची चावी बंद करत आणि तिची मूठ काढून खिशात घालत. घरातला एकही नळ मग फुसकन हवासुद्धा सोडत नसे. हात धुवायला बादलीभर पाणी ठेवत, त्यात फिनेल टाकून.

तिने बादली हुंगली आणि विचारलं, "हेही मापूनच टाकलंत का हो?"

तिची जीभ जात्याच तिखट. ती शिवणकाम शिकवायची. वीस-वीस पोरींचा वर्ग एका टोमण्यात गप्प करणारी बाई. आता तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, कारण दोऱ्याचं टोक ओलं करायला तोंडात थुंकी नव्हती. जीभ टाळ्याला चिकटायची, बोलताना चटचट आवाज यायचा. "तोंडात वाळू भरल्यासारखं होतंय," ती म्हणायची. आधी विनोदाने म्हणायची, मग रागाने, आणि शेवटी शेवटी अगदी हलक्या आवाजात, परक्याकडे काही मागावं तसं.

"अहो, एक घोट. गिळणार नाही. तोंडात धरते आणि थुंकते."

"गेल्या वेळी गिळलंस."

"या वेळी नाही गिळणार. तुमची शपथ."

"पाच वाजता मिळेल."

"आता किती वाजलेत?"

"साडेतीन."

ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत पडायची, आणि हा गृहस्थ समोर खुर्चीत बसून राहायचा. वाईट वाटत नव्हतं असं नाही.  पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्यात एक बारीकसं समाधानही होतं. आपण बरोबर आहोत, आकडा आपल्या बाजूला आहे, याचं समाधान. कणव आली असती तर हात सैल पडला असता. हात सैल पडू नये म्हणून त्यांनी कणवेलाच घराबाहेर काढलं होतं. रोज सकाळी ते तिला घरच्या काट्यावर उभी करत. वजन ठरल्याप्रमाणे उतरलेलं असलं की मान डोलवत, चारशे ग्रॅम जास्त भरलं तर विचारत, "कुठून प्यालीस?" एकदा ती न्हाणीघरातली ओली फरशी पुसायचं फडकं चोखताना सापडली. मास्तरांनी ते फडकं तिच्या हातून ओढून घेतलं, पिळलं, आणि पिळलेलं पाणी भांड्यात धरून मोजलं. पस्तीस मिलिलिटर. संध्याकाळच्या चहातून पस्तीस कमी केलं.

तिचा दादा भेटायला आला की तिच्या पायांवरून हात फिरवून म्हणायचा, "सोस अजून थोडं. माझं तुझ्या नावाने काढूनच ठेवलंय समज." ती हसायची. ओठ चिरलेले, त्यामुळे हसताना रक्त यायचं.

आणि मास्तरांचा कडकपणा कामी येत होता, हे कबूल करायला हवं. दोन महिन्यांत सूज निम्म्यावर आली. डॉक्टर म्हणाले, "असा नवरा प्रत्येक पेशंटला मिळाला तर माझं काम हलकं होईल." बायको खाटेवरून हे ऐकत होती. 

त्याच सुमाराला शेडमध्ये गव्हाला ओंब्या आल्या आणि दोन्ही रांगांचं पाणी तुटलं.

पहिला आठवडा ठीक गेला. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दहाच्या उन्हात मास्तर काट्याशी उभे होते. त्या दिवशी घरून निघताना तिने त्यांच्या खिशावर हात ठेवला होता. चावीची मूठ होती त्या खिशावर. ओढली नाही, मागितली नाही, नुसता हात ठेवला होता. मास्तरांनी तो अलगद बाजूला केला आणि निघाले होते. आता समोर लाल चिठ्ठीची रांग होती. पानं सुईसारखी गुंडाळलेली, शेंडे खाली. शेजारीच पांढऱ्या चिठ्ठीचा गहू ऐसपैस पाती पसरून उभा होता. दोघांचं पाणी सारखंच तोडलेलं, ग्रॅमला ग्रॅम. एकाचे पाय शाबूत, एकाचे कुजलेले, एवढाच फरक.

 मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. पंख्याचा आवाज सोडला तर शेड रिकामी होती. त्यांनी पिंपातून दोनशेचं माप भरलं आणि लाल रांगेतल्या पहिल्या पाइपात ओतलं. मातीने ते चुर्र करून पिऊन टाकलं. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात. चोवीसही पाइप झाले तेव्हा आत कुठेतरी, कितीतरी दिवसांनी, बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी लाल पाइपांची वजनं अर्थातच जास्त भरली. मास्तरांनी वहीत पाणी तुटल्यावर भरायला हवं होतं ते वजन लिहिलं. आयुष्यातला पहिला खोटा आकडा, आणि अक्षर नेहमीसारखंच वळणदार. मग पुन्हा एकेक माप ओतलं. असं ते रोज करू लागले. घरी पस्तीस मिलिलिटर कापणारा हा माणूस इथे हात सैल सोडून देत होता. याचं कारण काही गूढ नाही. गहू मागत नव्हता. गव्हाने कधी त्यांना टोमणा मारला नव्हता, खोटी शपथ घातली नव्हती, खिशावर हात ठेवला नव्हता. मागणाऱ्याला देणं या माणसाला जन्मात जमलं नव्हतं, न मागणाऱ्याला देणं सोपं होतं. रोगाने गेलेला गहू तहानेने तरी जाऊ नये, एवढीच त्यांची समजूत. तहानेशिवाय रोग दिसणारच नाही आणि सगळ्या प्रयोगाला अर्थच उरणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी ओतत राहिले.

शेडच्या टोकाला मोरी होती. तिथे मुळं धुणारी बाई काम करायची. सगळे तिला ताई म्हणत. चाळणीवर मातीचा गोळा ठेवायचा, बारीक धारेखाली माती सोडवायची, मुळांचा केससुद्धा तुटू द्यायचा नाही, मग पांढऱ्या ट्रेमधल्या उथळ पाण्यात एकेक मूळ चिमट्याने पसरायचं. अकरा वर्षं तिने हेच केलं होतं. तिच्या बोटांची कातडी कायमची पांढरी, सुरकुतलेली. सोमवारी आणि गुरुवारी मास्तर बायकोला घेऊन इस्पितळात जात, तेव्हा काट्याचं काम तीच करायची, आणि मास्तर परत येऊन तिचे आकडे नाक मुरडत तपासून मगच स्वतः वहीत उतरवायचे.

तिने त्यांना पाणी ओतताना दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा मास्तरांनीही तिला पाहिलं. ताई मोरीकडे वळली आणि चाळणी घासू लागली. मास्तरांनी मनाची समजूत घातली, की तिला काही कळलं नसावं.

महिना भरला. दौऱ्यावरून परतलेल्या मॅडम, मास्तर आणि ताई पाइप चिरायला बसले. पांढऱ्या चिठ्ठीचे आधी. मुळं तळापर्यंत, अपेक्षेप्रमाणे. मग लालमधला पहिला. चिरलेल्या पाइपाला बांधलेली दोरी सोडली, त्याची दोन शकलं बाजूला केली, आणि मॅडम वाकून बघतच राहिल्या. बुडाशी गाठ तपकिरी होती, बुरशी होती यात शंकाच नाही. पण खाली मुळं सुटलेली, पांढरी, लांब. ओंबी चुरली तर दाणे भरलेले. दुसरा पाइप तसाच. पाचवा तसाच.

मॅडमनी तळाची माती मुठीत घेऊन दाबली. मुटका वळला. त्यांनी मूठ उघडली, मुटका तसाच राहिला. वही मागवली, वजनं पाहिली.

"या वजनाच्या मातीचा मुटका वळत नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "कुणीतरी पाणी घातलंय. आणि नुसतं लाल चिठ्ठीलाच घातलंय."

 पंखा फिरत होता.

"मास्तरांचा हात मी इतकी वर्षं बघतेय. तो ग्रॅमभर इकडचा तिकडे होत नाही." मॅडम ताईकडे वळल्या. "सोमवार, गुरुवार काट्यावर कोण होतं?"

"मी होते," ताई म्हणाली.

"मग?"

ताईने मास्तरांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. बोट दाखवलं नाही. ती वाट बघत होती, आणि तिचं हे वाट बघणंच तिला भोवलं. मास्तर बोलतील, आता बोलतील, निदान घसा तरी खाकरतील. मास्तर चिरलेल्या पाइपाची दोरी गुंडाळत होते. चार बोटांवर, एकसारखे वेढे. डोक्यात एकच गणित. कामावरून काढलं तर केंद्राच्या खर्चाने होणारा मशीनचा इलाज बंद. इलाज बंद तर बायको संपली. सोमवारी हृदयाची शेवटची तपासणी, तिच्यानंतर आठ दिवसांत शस्त्रक्रिया. फक्त आठ दिवस तोंड मिटून राहायचं. गणित पक्कं होतं. एकवीस वर्षांत त्यांचं एकही गणित कच्चं नव्हतं.

"तीन वर्षं," मॅडम म्हणाल्या. "ताई, उद्यापासून येऊ नका."

तो शनिवार होता. ताईने चाळणी धुऊन पालथी घातली, चिमटा पुसून डब्यात ठेवला आणि गेली. जाताना मास्तरांच्या अंगावरून गेली. मास्तरांनी गुंडाळलेली दोरी खिळ्याला अडकवली.

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला दार वाजलं. मास्तर घरी होते, त्यामुळे चावी उघडी होती. बायको खाटेवर बसून दोनची रेघ पीत होती, चमच्याचमच्याने, म्हणजे जास्त वेळ पुरते. मास्तरांनी दार उघडलं. दारात ताई.

"आज रविवार आहे," मास्तर म्हणाले. 

"माहीत आहे मला. वहिनींशी बोलायचंय."

"ती आजारी आहे."

"येऊ द्या हो आत," आतून आवाज आला. "आजारी आहे, मेले नाही अजून."

ताई आत आली, खाटेपासून चार हातांवर उभी राहिली. रात्रभर रडली असावी, पण आता डोळे कोरडे होते. "वहिनी, मी भांडायला नाही आले. तुमच्यासाठीच मी काल तोंड उघडलं नाही. म्हटलं, मास्तर स्वतः बोलतील. यांना तेवढं सांगा, उद्या मॅडमसमोर एक वाक्य बोला म्हणावं. माझी अकरा वर्षं गेली."

"कसलं वाक्य?"

"तू आत जा," मास्तर बायकोला म्हणाले.

"घरच दोन खोल्यांचं. आणखी किती आत जाऊ? ताई, कसलं वाक्य?"

"रोगी गव्हाला पाणी यांनी घातलं म्हणून. यांनी घातलं आणि आळ माझ्यावर आला."

बायकोने चमचा बशीत ठेवला. "कुणी घातलं?"

"यांनी. तीन आठवडे. मी मोरीशी होते, दोनदा डोळ्यांनी पाहिलंय. विचारा ना."

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेबलाच्या कडेकडे बघत होते. त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण आकड्यांखेरीज इतरत्र खोटं बोलायचा सराव नव्हता, आणि आकड्यांतलाही तीन आठवड्यांचाच.

"का घातलं?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी टेबलाची कड नखाने खरवडली. आणि मग ताईने, बिचारीने, या माणसाला थोडं सांभाळून घ्यावं, म्हणजे उद्या तो आपल्यासाठी बोलेल, अशा भाबडेपणाने सांगितलं, "दया आली असेल हो वहिनी. पानं वळून गेली होती त्याची. बघवत नव्हतं."

 बायकोचे ओठ उघडले, जीभ चटकन वाजली.

"किती घालत होतात?"

"अगं..."

"किती? तुम्हाला माहीत नसायचं नाही."

"दोनशे," मास्तर म्हणाले.

"सगळ्यांत मिळून?"

"एकेकाला."

"आणि कितीजण होते?"

"चोवीस."

तिने डोळे मिटले. कापड बेतणारी बाई होती, हिशेब तोंडचा. "चार हजार आठशे," ती म्हणाली. "म्हणजे माझं आठ दिवसांचं पाणी. रोज. रोज माझे आठ दिवस तुम्ही गव्हाला पाजलेत. त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून."

"तुला दिलं असतं तर तू मेली असतीस," मास्तर म्हणाले. खरं तेच बोलले. शब्दन् शब्द खरा.

"ते मला माहीत आहे हो. मला काय अक्कल नाही? पाणी नाही दिलंत त्याचं मी कधी मनात धरलं नाही. मला वाटायचं, तुमच्यात ते नाहीच. देवाने... निसर्गाने म्हणा, घालायचं विसरलंय. आंधळ्यावर कुणी रागावतं का? तसं मी चालवून घेतलं. फडकं पिळून मोजलंत ना, तेव्हाही मी हेच म्हटलं." ती खाटेवरून उठली. सरळ चालत ओट्याशी गेली. "होतं की तुमच्यात. दुसरीकडे देत होतात."

तिने मांडणीवरचा स्टीलचा पेला उचलला आणि नळाखाली धरला. धारेचा आवाज पेला भरत गेला तसा बदलत गेला. मास्तर दोन ढांगांत तिथे पोचले आणि हात पुढे केला.

"या हाताने अडवणार?" ती म्हणाली.

हात तिथेच थांबला. एवढंसं वाक्य, पण हात पुढे जाईना. लाज वाटली असं म्हणायला हरकत नाही. आयुष्यात ज्याला कधी वाटली नव्हती त्याला ती एकदम, सगळीच्या सगळी वाटली, आणि नेमकी नको त्या वेळी. त्या घटकेला त्या माणसाने लाज गिळून पेला हिसकावायला हवा होता. त्याने तो हिसकावला नाही.

ती प्यायली. पहिला पेला एका दमात, मान मागे टाकून, हनुवटीवरून ओघळ गळ्यात जात. "अगंबाई, वहिनी नको, वहिनी माझी चूक झाली," म्हणत ताई धावली. बायकोने तिला कोपराने मागे सारलं. दुसरा पेला. तिसरा तिने सावकाश घेतला, तोंडात धरून, गालात खेळवून, मग गिळून. रडत होती की नाही ते कळत नव्हतं, चेहरा सगळाच ओला होता. चौथ्या पेल्याला म्हणाली, "गार आहे." ताई तोंडावर पदर दाबून दाराबाहेर पळाली. पाचवा. सहावा. मग पेला ओट्यावर पालथा ठेवला, खाटेशी आली आणि आडवी झाली. कितीतरी दिवसांनी तिने जीभ ओठांवरून फिरवली.

"आता ओवेन मी दोरा," ती म्हणाली.

साडेचारला तिला आडवं राहवेना. पाचला बसूनही राहवेना. छातीत ती जुनी घरघर सुरू झाली, ओठांच्या कडा निळ्या पडल्या. तिने मास्तरांचा दंड धरला आणि सोडला नाही, इस्पितळाची गाडी येईपर्यंत, गाडीत, थेट स्ट्रेचर आत नेताना कुणीतरी तिची बोटं सोडवेपर्यंत. त्या बोटांत राग नव्हता. नुसती भीती होती. मरायचं तिच्या मनात नव्हतंच. तिला फक्त पाणी प्यायचं होतं, त्यांच्यासमोर.

बाहेरच्या बाकावर मास्तर बसून राहिले. समोर भिंतीला वजनकाटा टेकवून ठेवलेला होता, पेशंटसाठीचा. मास्तरांनी त्याच्याकडे पाठ केली. तिच्या दादाला फोन लावला. "हॅलो, हॅलो, ती बरी आहे ना?" पलीकडून तो विचारत राहिला. मास्तरांनी फोन ठेवला.

तासाभराने कामावरचा डॉक्टर बाहेर आला. नवा होता, मास्तरांना ओळखत नव्हता. हातात कागद, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या.

"उद्याच्या तपासणीचं विसरा," तो म्हणाला. "शस्त्रक्रियेचंही. मशीन लावलंय, पण हृदय साथ देत नाहीये. आजची रात्र निघाली तर बघू. किती पाणी गेलंय पोटात? नातेवाइकांना सहसा सांगता येत नाही, पण साधारण अंदाज असला तरी चालेल."

"सोळाशे पन्नास," मास्तर म्हणाले.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. "अंदाजे?"

"अंदाजे नाही. दोनशे पंचाहत्तरचा पेला. सहा वेळा. आणि त्याआधी दोनच्या रेघेतले चाळीस, ते वेगळे."

डॉक्टरने मान वर केली आणि समोरच्या माणसाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तुम्ही तिथेच होता?"

"हो," मास्तर म्हणाले. "शेजारीच उभा होतो."